गाळा किती मीटरचा?

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होडी समुद्रात न्यायची तर ती आता पुलाखालून काढावी लागते. मुंबईचा सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जिथे मिळतो, तिथला हा पूल. मूळ आराखड्यात बंदराच्या वाटेवर दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. कोळ्यांनी आधी २०० मीटर मागितलं, मग १६० वर आले, आणि समुद्रातलं काम अडवून धरलं. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने १२० मीटर मान्य केलं. म्हणजे काय झालं, तर सातव्या आणि नवव्या खांबांच्या मधला आठव्या क्रमांकाचा खांब आराखड्यातून खोडला गेला.

६० मीटर ऐकायला ऐसपैस वाटतं. पण कागदावरचं हे अंतर एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजलेलं असतं. त्यातून खांबांची जाडी वजा करा. खांबाच्या बुडाशी पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे स्तंभ, एकत्र बांधणारा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे पाइल कॅप, खांबापेक्षा रुंद असतो. तोही वजा करा. होडी आदळली तर खांबाला इजा होऊ नये म्हणून लावलेली संरक्षक कुंपणं वजा करा. उरलेल्या पाण्यात प्रवाह खांबांभोवती वळसे घेतो, भोवरे करतो. मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते आणि १ ऑगस्टपासून होड्या बाहेर पडतात, तेव्हा पावसाळी समुद्र अजून खवळलेलाच असतो. वरळीचा किनारा खडकाळ, त्यात एक होडी येते आहे, एक जाते आहे, अंधार आहे. होडी हाकणाऱ्या तांडेलाला त्या वेळी नकाशातले ६० मीटर मिळत नाहीत. कोळ्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं, आणि ते भावनेचं नव्हतं, हिशेबाचं होतं.

इंजिनिअरांच्या बाजूलाही हिशेब होताच. पुलाचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला टप्पा, दुप्पट केला की दर मीटरला तेवढंच वजन धरलं तरी तुळईच्या मध्यावर येणारा वाकवणारा जोर चौपट होतो. तो पेलायला तुळई जाड करावी, तर तिचं स्वतःचं वजन वाढतं आणि ते वजन पेलायला ती आणखी जाड करावी लागते. साठेक मीटरपर्यंत काँक्रीटचे पोकळ पेटीसारखे तुकडे जोडून काम भागतं. शंभर मीटरच्या पुढे बहुधा पोलाद, कमान किंवा केबल यांच्याकडे वळावं लागतं. वरळीला धनुष्याकृती पोलादी कमान निवडली. कमान दोन्ही टोकांना बाहेर ढकलू पाहते, आणि खालची आडवी तुळई धनुष्याच्या दोरीसारखी तिला ओढून धरते, त्यामुळे तो आडवा रेटा खांबांवर जात नाही. पहिली कमान १३६ मीटर लांब, सुमारे २,००० टनांची. ती २०२४ च्या एप्रिलअखेर बार्जवरून आणून भरतीच्या पाण्यावर जागेवर नेली आणि मग खांबांवर टेकवली. १४३ मीटरची, सुमारे २,५०० टनांची दुसरी कमान मेच्या मध्यावर बसली. पावसाळा तोंडावर होता. तो मुहूर्त हुकला असता तर थेट ऑक्टोबर.

मोठ्या पुलाचं राजकारण म्हटलं की आपण भूमिपूजन, कोनशिला, नाव आणि फीत आठवतो. त्यावर अग्रलेख निघतात. पण पूल कुणाला काय देणार आणि कुणाकडून काय घेणार, हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं: गाळा किती मीटरचा, पूल जमिनीला कुठे टेकतो, निविदेत बोली कोणत्या आकड्यावर लावायची, टोल किती वर्षं. हे आकडे तांत्रिक दिसतात म्हणून सामान्य माणूस त्यांच्या वाटेला जात नाही. वरळीचे कोळी गेले, म्हणून तिथला एक खांब हलला.

शिवडी-न्हावा शेवा पुलाची, म्हणजे आजच्या अटल सेतूची गोष्ट याच आकड्यांतून वाचावी लागते. बंदर ओलांडून पलीकडे जायची कल्पना १९६० च्या दशकातल्या विल्बर स्मिथ यांच्या वाहतूक अभ्यासापासूनची. त्याच दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची योजना मांडली. १९७० मध्ये ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. नव्या शहराकडे जाणारा पहिला रस्ता मात्र उत्तरेला, वाशीला पडला. ठाणे खाडीवरचा तो पूल १९७३ चा. रेल्वे मानखुर्दवरून वाशीला पोचायला १९९२ उजाडलं. मुंबईतली कचेऱ्यांची गर्दी पलीकडे जावी ही मूळ इच्छा होती, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांसाठी नवी जागा तयार होत होती. पूल उत्तरेला आणि कचेऱ्या दक्षिणेला, अशा फाकलेल्या निर्णयांमुळे न्हावा, उलवे, उरणचा पट्टा मुंबईपासून नजरेच्या टप्प्यात असूनही दोन तासांवर राहिला. पुढे न्हावा शेव्याचं बंदर आलं, तरी मुंबईहून तिथे जाणारी गाडी वाशीचा वळसा घेतच राहिली.

पूल शिवडीलाच का? शिवडीच्या दक्षिणेला गोद्या आणि नौदलाची गोदी. तिथे आडवा पूल टाकायचा तर खालून मोठी जहाजं जातील इतकी उंची द्यावी लागते, आणि उंची दिली की दोन्ही बाजूंच्या चढणी शहरात खोल शिरतात. शिवडीवरून निघालं की हा प्रश्न बराच हलका होतो. पण पूर्ण सुटत नाही. पीर पाव आणि ट्रॉम्बेच्या धक्क्यांकडची वाहतूक, ठाणे आणि पनवेल खाड्यांच्या वाटा, आणि तळाशी तेलाच्या, वायूच्या वाहिन्या. या सगळ्यांवरून उडी मारायची, म्हणून या पुलात १८० मीटरपर्यंतचे गाळे आले. म्हणजे इथेही गाळ्याचं माप वापरणाऱ्यांनीच ठरवलं. फरक इतकाच की हे वापरणारे बंदर आणि तेलकंपन्या होते. त्यांची गरज पहिल्याच नकाशात धरली गेली. क्लीव्हलँड बंदरातल्या होडीची गरज नकाशात यायला मात्र काम थांबवावं लागलं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता निविदेकडे. २००८ च्या सुरुवातीला या पुलाच्या आर्थिक बोली उघडल्या. अट अशी, की पूल कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधायचा, ठरावीक वर्षं टोल वसूल करायचा आणि मग तो सरकारच्या हवाली करायचा. जो सर्वांत कमी वर्षं मागेल त्याला काम. बोली दोन होत्या, अंबानी बंधूंच्या दोन वेगळ्या गटांच्या. अनिल अंबानींच्या गटाने ह्युंदाईबरोबर मागितली ९ वर्षं, ११ महिने, १ दिवस. मुकेश अंबानींच्या गटातल्या कंपनीने मागितली ७५ वर्षं.

एकच पूल, एकच समुद्र, आणि अंदाजात ६५ वर्षांचा फरक. असं का होतं? टोलच्या पुलात खर्च बऱ्यापैकी कळलेला असतो. किती गाड्या येतील हे कुणालाच नीट माहीत नसतं. पलीकडे विमानतळ कधी होणार, बंदर किती वाढणार, वाशीच्या पुलावरून किती गाड्या इकडे वळणार, यांतला प्रत्येक अंदाज थोडा वर-खाली केला की शेवटचं उत्तर दशकांनी हलतं. शिवाय आजूबाजूच्या जमिनीत ज्याला रस आहे, त्याच्यासाठी पुलाचं मोल टोलनाक्यावर संपत नाही. वर्षं हा बोलीचा एकमेव आकडा ठेवला की या सगळ्या अनिश्चिततेचं ओझं त्या एकाच आकड्यावर येतं. सरकारने दोन्ही बोली बाजूला ठेवल्या. पुन्हा निविदा काढली, तेव्हा कुणी फिरकलंच नाही.

पुढे दोन सरकारी यंत्रणांमध्ये ओढाताण. रस्ते विकास महामंडळ आघाडीतल्या एका पक्षाच्या मंत्र्याकडे, आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण दुसऱ्या पक्षाच्या मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली. पूल कुणाच्या खात्यात, यात काही वर्षं गेली, आणि २०११ मध्ये तो प्राधिकरणाकडे आला. या वेळी अंदाज ९,६३० कोटींचा. केंद्र आणि राज्य मिळून ४० टक्क्यांपर्यंत व्यवहार्यता तफावत निधी देणार, म्हणजे टोलमधून जे निघणार नाही ते तिजोरीतून भरणार. पाच समूह पात्र ठरले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये बोली भरायचा शेवटचा दिवस आला आणि एकही लिफाफा आला नाही. त्या काळात राज्यभर टोलविरोधी आंदोलनं पेटली होती, कोल्हापूर तर रस्त्यावर होतं. ज्या टोलवर तीन दशकं अवलंबून राहायचं, तो उद्याचं सरकार चालू ठेवील की नाही, याची खात्री नसताना कोणती बँक कर्ज देणार?

मग जपानच्या जायका या संस्थेचं कर्ज घेऊन पूल सरकारनेच बांधायचा, असं ठरलं. २०१६ च्या डिसेंबरात भूमिपूजन झालं, २०१७ च्या नोव्हेंबरात कामं दिली गेली, २०१८ मध्ये प्रत्यक्ष सुरुवात झाली. प्रकल्पाचा आकडा आता १७,८४० कोटींच्या घरात. काम तीन भागांत वाटलं: शिवडीकडचा १०.३८ किलोमीटरचा, मधला ७.८०७ किलोमीटरचा आणि जमिनीवरचा ३.६१३ किलोमीटरचा. बेरीज २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. या बदलाचा अर्थ सरळ आहे, पण तो क्वचितच उघड बोलला गेला. गाड्या कमी आल्या तर नुकसान कंपनीचं, ही जुनी मांडणी. गाड्या कमी आल्या तर नुकसान करदात्याचं, ही नवी. पूल उभा राहिला तो या जोखमीची जागा बदलल्यामुळे. माझ्या मते निर्णय बरोबर होता. साठ वर्षं थांबलेला पूल दुसऱ्या कोणत्या रीतीने झाला नसता. पण जोखीम लोकांच्या अंगावर घेताना लोकांना तसं सांगायला हवं होतं.

खाडीत पाइल कशी उतरते, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी पोलादी नळकांडं, ज्याला कामावर लायनर म्हणतात, मऊ चिखलातून खाली ठोकतात, म्हणजे भोक खचत नाही. मग आतून खणत खडकापर्यंत जातात आणि खडकात काही मीटर शिरतात. पाइलचा खरा आधार तोच. शिवडीच्या बाजूला दणके देत खडक फोडण्याऐवजी उलट्या प्रवाहाने ड्रिलिंग केलं: चुरा पाण्याबरोबर ड्रिलच्या पोकळ नळीतून वर ओढला जातो. आवाज आणि कंप कमी, आणि ते महत्त्वाचं होतं, कारण शिवडीच्या चिखलावर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. चुरा निघाला की सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि लांब नळीने, म्हणजे ट्रेमीने, तळापासून वर काँक्रीट भरत आणतात. नळीचं तोंड कायम ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेलं हवं. घाईत नळी जरा जास्त वर ओढली गेली, की चिखलमिश्रित पाणी मध्ये शिरतं आणि पाइलच्या पोटात कच्चा थर राहतो. तो वरून दिसत नाही. ध्वनिलहरींच्या तपासणीत सापडतो. सापडला की शेजारी नवी पाइल घ्यायची, म्हणजे वरच्या पाइल कॅपचा आराखडा बदलायचा. अशा बदलांचे पैसे कुणी द्यायचे, हा वाद समुद्रातल्या प्रत्येक पुलावर होतो. जमिनीखाली जे निघेल त्याची जोखीम कुणाची, हे कंत्राटातलं एक कलम ठरवतं. माझं स्पष्ट मत आहे, की निविदेआधी जमीन तपासणारी भोकं, म्हणजे बोअर, कमी घेऊन वाचवलेला पैसा पुढे दाव्यांत कितीतरी पटीने जातो.

लांब गाळ्यांसाठी पोलादी तळपट्टीचे स्पॅन वापरले: वर पातळ पोलादी पत्रा, त्याच्या खाली जवळजवळ जोडलेल्या पन्हळी बरगड्या, आणि वर थेट डांबराचा थर. काँक्रीटची फळीच नाही, म्हणून वजन कमी. भाग जपान, व्हिएतनाम, म्यानमार अशा देशांत घडले, उरणजवळ करंजाला जोडले गेले आणि बार्जवरून खाडीत आणले. सर्वांत जड स्पॅन अडीच हजार टनांच्या पुढचा. या रचनेची नस म्हणजे बरगडी आणि पत्रा जोडणारं वेल्डिंग. ट्रकचं प्रत्येक चाक त्या जोडाला किंचित वाकवतं, आणि लाखो वेळा वाकल्यावर बारीक तडा जाऊ शकतो. म्हणून असा पूल बांधून झाल्यावर जबाबदारी संपत नाही. आतून चढून, बरगडी-बरगडी तपासणारी माणसं आणि त्यांच्यासाठी दरवर्षी राखलेला पैसा लागतो. उद्घाटनाच्या भाषणात हा पैसा कधी येत नाही.

नावाचं थोडक्यात. वांद्रे-वरळी सेतूला २००९ मध्ये राजीव गांधींचं नाव दिलं गेलं, तेव्हा सावरकरांच्या नावाचा आग्रह होता. २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने वर्सोवा-वांद्रे सेतूला सावरकरांचं आणि शिवडीच्या पुलाला वाजपेयींचं नाव दिलं. १२ जानेवारी २०२४ ला पूल खुला झाला.

खुला झाला, पण टेकला कुठे? शिवडीला उतरणारी गाडी पश्चिमेकडे सरळ वरळीला जावी म्हणून साडेचार किलोमीटरचा उन्नत रस्ता आखलेला होता. पूल सुरू झाला तेव्हा तो अपुरा होता, कारण मध्ये प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल आणि त्याला लागून राहती घरं. दोन इमारतींतल्या रहिवाशांना हव्या होत्या त्याच भागातल्या जागा, आणि त्या कागदावर मिळेपर्यंत ते हटले नाहीत. जुना पूल २०२५ च्या सप्टेंबरात बंद झाला. समुद्रातले साडेसोळा किलोमीटर सहा वर्षांत पार पडतात, आणि वस्तीतले काहीशे मीटर त्यांच्याही मागे राहतात. याचा दोष रहिवाशांना देणं मला पटत नाही. पुनर्वसनाची बोलणी पहिल्या पाइलच्या आधी सुरू झाली असती, तर दोन्ही कामं एका वेळी संपली असती.

२०२४ च्या जूनमध्ये उलव्याच्या उताराला भेगा पडल्याचे फोटो आले आणि राजकीय धुरळा उडाला. प्राधिकरणाचं म्हणणं, भेगा मुख्य पुलाला नाहीत, तात्पुरत्या जोडरस्त्याला आहेत. ते खरं होतं. पण जोडरस्ता तात्पुरता का होता, याच्या उत्तरात खरी गोष्ट आहे. किनाऱ्याचा कायमचा रस्ता झालेला नव्हता आणि पूल आधी खुला करायचा होता. पूल खडकात रुतलेल्या पाइलवर उभा असतो, तो खचत नाही. भरावाचा रस्ता खाडीच्या मऊ मातीवर बसतो, आणि ती माती पाणी सोडत महिनोन्‌महिने दबत राहते. सांध्यावर एक बाजू ठाम आणि दुसरी दबणारी, तिथे भेग येते. भराव टाकून त्याला दबायला एक-दोन पावसाळे देणं, वर जादा माती रचून ठेवणं, चिखलात उभे निचरे घालणं हे उपाय जुने आणि सर्वांना माहीत असलेले आहेत. त्यांना फक्त वेळ लागतो.

टोलचं पाहा. मोटारीला एका फेरीचे २५० रुपये. दुचाकी आणि रिक्षा यांना पुलावर प्रवेशच नाही. दिवसाला ७० हजार गाड्यांची अपेक्षा होती; पहिल्या वर्षी सरासरी पंचवीस हजारांच्या आत राहिली. पुलावर रेल्वे नाही, मेट्रो नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत एसटीची शिवनेरी आणि मार्चमध्ये बेलापूरहून बेस्टची बस सुरू झाली. उलव्यातून दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्या माणसाला रोज ये-जा मोटारीने परवडत नाही. त्याच्यासाठी पुलावरून दर दहा मिनिटांनी बस सोडणं हाच या १७,८४० कोटींचा सर्वांत स्वस्त उपयोग आहे. त्याला नवं बांधकाम लागत नाही, निर्णय लागतो.

पुलाचं दुसरं टोक चिर्ल्याला टेकतं, जासईच्या शिवारात. ही जमीन साधी नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली: जेवढी जमीन घेतली, तिच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत. आज नवी मुंबईत जमिनीचा व्यवहार करणारा प्रत्येक जण हा शब्द वापरतो.

तो आकडा आता पुन्हा चर्चेत आहे. पूल झाल्यामुळे जवळ आलेल्या उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी, ३२३ चौरस किलोमीटरवर, महानगर प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं आहे. कर्नाळा, साई, चिरनेर अशा गावांच्या नावाने ते ओळखलं जातं. चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं गाव. तिथल्या ग्रामस्थांनी हरकतींचे अर्ज भरले आहेत. कुणाच्या सात-बाऱ्यावर काय आरक्षण, परत मिळणारी जमीन किती टक्के, ती मूळ गावाजवळ की दूर, आणि रस्ता शेताच्या बांधावरून जाणार की मधून: त्यांना उत्तरं हवी आहेत ती या आकड्यांची, आणि नकाशा पक्का व्हायच्या आत.